हिलालची सोयरीक

माझा पुतण्या प्रशील धुळ्याला देवपुरात राहतो. दिवसा तो घरी बसूनच पुण्याच्या एका कंपनीचं काम करतो. उरलेल्या वेळात लोकांचं खाजगीपण राखणारे प्रोग्राम फुकटात बनवतो आणि कादंबरी लिहितो. दोन्हींना गिऱ्हाईक नव्हतं.

मी साक्री रस्त्यावरच्या आमच्या गावात एकटा असतो. एकदा मी फोनला गुडघ्याच्या तेलाचं विचारलं आणि फसलो. तेव्हापासून फोन उघडला की तेल, पट्टा, काठी, ऑपरेशन. गाणं ऐकायला गेलो तरी मधेच कोणीतरी गुडघा दाबून दाखवायचा. मी प्रशीलला सांगितलं.

तो म्हणाला, "नाना, तुम्ही काय बघता, काय विचारता, सगळं कोणीतरी टिपून घेतं. तुमच्या गुडघ्याचा लिलाव चाललाय."

"मंग झाकी टाक ना."

"झाकता येत नाही. पण तुमच्या फोनमध्ये दुसरा एक माणूस ठेवता येईल. तो दिवसभर भलतंच काहीतरी शोधत बसेल. मग त्यांना कळणारच नाही, गुडघा नेमका कोणाचा."

पहिला माणूस अगदीच कुचकामी निघाला. सकाळी विमानाचे टायर शोधायचा, दुपारी बाळाची टोपडी, संध्याकाळी नॉर्वेचा कायदा. पाळत ठेवणाऱ्यांनी त्याला लगेच ओळखलं आणि तेल परत सुरू झालं. प्रशील चिडला. "माणूस असा वागत नाही," म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं, की आपल्याकडे एक माणूस तयारच आहे.

तो म्हणजे हिलाल, त्याच्या कादंबरीचा नायक. जामनेरचा विधुर. बियाण्याचं दुकान होतं, ते सोडलं आणि उतारवयात पेटी शिकायला लागला. प्रकाशकाने कादंबरी परत पाठवली होती. वर शेरा होता, नायक जिवंत वाटत नाही.

प्रशीलने हिलालला माझ्या फोनात सोडलं. दर आठवड्याला एक प्रकरण, त्यात हिलालला जे लागेल ते फोन शोधायचा. पेटीच्या प्रकरणात त्याने क्लासला नाव नोंदवलं, तर दुसऱ्या दिवशी माझ्या फोनवर पेटीची जाहिरात. प्रशील ती बघायला धुळ्याहून मोटरसायकलवर आला.

"नाना, वाचलं त्यांनी! ओळ न ओळ वाचलं!"

हिलालला बायकोच्या आठवणीने झोप लागेना, तर गादी आली. दात दुखायला लागला, तर एका दवाखान्यातून पोरीचा फोन आला. "हिलालभाऊ आहेत का?" मी म्हटलं, मळ्यात गेलाय. ती रोज विचारायला लागली. पारावर माझा जुना सोबती भटू विचारायचा, "हिलाल काय म्हने?" प्रशीलचा आनंद पोटात मावेना. इतकं बारकाईने कोणता समीक्षक वाचतो, म्हणायचा. माझा गुडघा मात्र निवांत दुखत होता. त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

मलाही सवय झाली. घरात माझ्याआधी उठणारा तोच. पहाटे फोन उजळायचा. हिलाल हवामान बघत असायचा.

मग एक दिवस प्रशील सहज म्हणाला, "येत्या रविवारी शेवटचं प्रकरण. हिलाल पेटी वाजवता वाजवता जातो."

"कोठे जास?"

"मरतो, नाना."

"काबर?"

"कादंबरीला तसाच शेवट हवा."

मी तसाच पारावर गेलो. भटूला सांगितलं. भटूकडे कोणत्याही दुखण्यावर एकच औषध असतं. तो म्हणाला, "लगीन लायी द्या त्यानं. बायको उनी म्हंजे मानूस मराले मोकळा ऱ्हास का?"

"बायको कोठे शे पन?"

बायको होती. प्रशीलची आई, म्हणजे माझी द्रौपदावहिनी, तिच्या फोनात त्याने त्याच कादंबरीतली गुंताबाई ठेवली होती. साक्रीकडच्या डोंगरातली, विधवा, चारोळी विकणारी. स्थळ घरातल्या घरातच होतं.

शनिवारी मी, भटू आणि पारावरचे दोघं, असे आम्ही चौघं धुवट टोप्या घालून, शाल आणि सुपारी घेऊन जीपने देवपुरात गेलो. प्रशीलने दार उघडलं.

"नाना, हे काय?"

"तुझ्याकडे नाही आलो. मुलीच्या घरी आलो."

वहिनीने एका नजरेत सगळं ओळखलं. पदर सारखा केला, सतरंजी टाकली आणि समोर बसली. सूनबाई प्रज्ञाने चहा आणला. आम्ही हात लावला नाही. बोलणी झाल्याशिवाय मुलाकडचे चहा घेत नसतात.

"पोऱ्या काय करस?" वहिनीने विचारलं.

"पेटी शिकस," भटू म्हणाला.

"म्हंजे काहीच करस नही."

"दुकान व्हतं त्यानं."

"व्हतं!" वहिनी सुनेकडे बघून म्हणाली.

प्रशील मधे आला. "आई, ती दोघं नाहीयेत! मी लिहिलीयत त्यांना! त्यांचं काय करायचं ते मी ठरवणार."

"तुले मी जनम दिन्हा. बायको मात्र तू तुनी पाहीसन आनी. तवय मी काही बोलनू का?"

प्रज्ञा तोंडाला पदर लावून आत पळाली. प्रशील खुर्चीवर बसला.

वहिनी माझ्याकडे वळली. "भाऊ, पोऱ्या चांगला शे, मी नही म्हनत नही. पन आमनी गुंता जामनेरले येवाव नही. तिन्या बकऱ्या शेतस, जंगल शे. त्याले ऱ्हानं व्हई तर तिन्हाकडे ऱ्हावो."

"घरजावई?" भटू उठलाच. बाकीचे दोघंही उठले. "चाला नाना. पोऱ्या काय रस्त्यावर पडेल शे का?"

मी उठलो नाही. दुसऱ्या दिवशी रविवार होता.

"कबूल," मी म्हटलं.

प्रशील आमच्या तोंडाकडे पाहत राहिला. त्याच्या पात्रासाठी चार म्हातारे टोप्या घालून आले होते, भांडत होते, मान खाली घालत होते. त्या प्रकाशकाच्या दारात असं कधी झालं नसणार. प्रशील म्हणाला, "मधली प्रकरणं बदलावी लागतील."

"मंग बदल," वहिनी म्हणाली.

तो होय म्हणाला आणि लगेच त्याच्यातला दुसरा प्रशील जागा झाला. "पण जमणार नाही. फोन कुठे आहे ते त्यांना कळतं. लग्न झालं आणि नवरा गावाला, बायको देवपुरात? लगेच खोटं पकडतील. दोन्ही फोन एकाच घरात पाहिजेत."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मुलाकडचा मीच होतो.

मी खिशातून फोन काढला, उपरण्याने पुसला आणि वहिनीच्या हातात दिला. "पहाटे उठतो," म्हटलं, "त्याला ओरडू नका."

सुपारी फुटली. मग आम्ही चहा घेतला. तो गार झाला होता.

आता माझ्याकडे फोन नाही. मला गुडघा आहे हे जगात कोणालाच ठाऊक नाही. प्रशील म्हणतो, इतकी पक्की गुप्तता त्याच्या कोणत्याच प्रोग्रामला जमली नव्हती. फक्त त्याला मला काही सांगायचं असलं की स्वतः यावं लागतं. येतो, नवीन प्रकरण आणतो. मी ओळीखाली बोट ठेवून वाचतो, तोवर तो भटूशी भांडतो. मागच्या वेळी हिलालने साक्रीच्या बाजारात चारोळी कमी भावात देऊन टाकली आणि गुंताबाईने सगळ्या बाजारादेखत त्याला झापलं. भटूला राग आला. आपल्या पोराला असं बोलायचं काम नाही, म्हणाला.

अक्षय्य तृतीया जवळ आली, तशी परवा त्यानेच आठवण करून दिली, "नाना, आखाजी उनी. बठ्ठ्या पोरी माहेरले येतीन. हिलालले आनशात ना?"

मी दुधाच्या गाडीवाल्याकडून वहिनीला निरोप धाडला. उत्तर आलं, चार दिवसांसाठी पाठवू, पण गुंताबाईची मर्जी असली तर.

मी बाज बाहेर काढून उन्हात टाकली आहे.