बीन्सला आजच का ठेवलंस?

गोळीबाराची खबर आली म्हणून मी पोलिसाच्या वर्दीत ओरलीनबाईंच्या दुकानात पाऊल टाकलं आणि बूट घसरला. रक्त होतं. गोळी त्यांच्या गळ्यातून आरपार जाऊन मागच्या सिगारेटच्या फळीत रुतली होती. मी आणि डेरिन, माझा धाकटा भाऊ, लहानपणी शाळा सुटली की याच बाईंच्या हातची गरम बिस्किटं खायचो.

पाच मैलांवर मारेकऱ्याची गाडी बर्फावरून घसरून खड्ड्यात गेलेली सापडली. डेरिनचा मित्र रस्टी बाहेर उडी मारून गोळ्या झाडत सुटला. एक माझ्या कानाची पाळी घेऊन गेली. मी त्याच्या छातीत तीन घातल्या. तो बर्फात पाय झाडत पडला आणि थोड्या वेळात थांबला. मला वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

गाडी कोण चालवत होतं? डेरिन. दोन्ही हात वर करून साळसूदपणे बसला होता.

"मला काय माहीत त्याच्या कोटात पिस्तूल आहे?" ठाण्यात आल्यावर तो म्हणाला. "सिगारेट आणायची म्हणाला, म्हणून नेला. मग पिस्तूल माझ्यावर रोखून पळव म्हणाला."

"इंजिन चालू ठेवून बसला होतास."

"उणे तीसमध्ये तू बंद करतोस वाटतं? आणि गाडी गोठली की चालत घरी जातोस?"

बोलणं खरं होतं. जानेवारीत नॉर्थ डकोटात दुकानासमोर प्रत्येकाची गाडी चालूच असते. आमचे शेरीफ व्हर्न मला बाजूला घेऊन म्हणाले, "लाइल, नुसती गाडी चालवणं हा गुन्हा नाही. काय होणार हे त्याला आधी ठाऊक होतं, असं म्हणायला काहीतरी ठोस दे. नुसत्या संशयावर आत टाकला तर न्यायाधीश उद्या सोडतील, वर आपल्याला झापतील."

रस्टी मेलेला, ओरलीनबाई मेलेल्या. विचारणार कुणाला? व्हर्ननी मान हलवली आणि डेरिननं कोट चढवला.

"तुझ्या घरावरून जातो," दारात थांबून तो मला म्हणाला. "बीन्सला घेतो."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! बीन्स त्याची कुत्री. पिल्लू असताना शिकारीत कानाशी बंदूक उडाली, तेव्हापासून आवाज झाला की ती थरथरत मुतते. तरी डेरिन तिला गाडीत घेतल्याशिवाय कुठे जात नाही. कडाक्याच्या थंडीतही नाही, चर्चलाही नाही. आणि आज सकाळी, दोन वर्षांत पहिल्यांदा, तो माझ्या दारात आला होता. "दुपारपर्यंत ठेव हिला," एवढंच म्हणाला होता.

"आजच का ठेवलंस रे तिला?"

त्याचा चेहरा पांढरा पडला. मी व्हर्नना सगळं सांगितलं.

"हे तुला शपथेवर लिहून द्यावं लागेल," व्हर्न हळूच म्हणाले. "तुझ्या नावानं."

"द्या कागद."

"सख्ख्या भावाला?" डेरिन किंचाळला आणि अंगावर आला. पहिल्याच ठोशात माझा दात ओठात घुसला. मी त्याची मान धरून टेबलावर आपटली. मग पुन्हा आपटली. तिसऱ्यांदा आपटणार तेवढ्यात व्हर्ननी मला मागे ओढलं. डेरिनच्या नाकातून रक्ताची धार लागली होती. बेड्या मीच घातल्या.

"कुत्रीची काळजी घेतलीस," मी रक्त थुंकत म्हणालो. "ओरलीनबाईंना एक फोन करता आला नाही तुला? एक फोन, डेरिन!"

व्हर्न त्याला कोठडीकडे नेऊ लागले तेव्हा तो वळून म्हणाला, "आता काळजी कोण घेणार?"

दिवसभरात त्यानं पहिल्यांदाच कुणाची चौकशी केली होती. क्षणभर मला वाटलं, ओरलीनबाईंच्या आंधळ्या नवऱ्याची आठवण झाली असेल.

"संध्याकाळी सहाला जेवते ती," तो म्हणाला. "आणि दार जोरात आपटू नकोस."