लाल टिक

आमच्या चेंबरमध्ये लाल पेन्सिल एकच, आणि अकरा वर्षं ती माझ्या टेबलावर होती. सर कोर्टात ज्या जुन्या निवाड्याचा आधार घेणार, तो आधी मी पुस्तकात उघडून बघायचा आणि यादीत त्याच्यासमोर टिक करायची, अशी सरांची पद्धत. टिक नसेल तर सर त्या निवाड्याचं नावही काढत नसत.

मग ती आली, नवी ज्युनियर वकील. सरांनी तिचं नाव ‘विमान’ ठेवलं. ज्या मसुद्याला मला दोन दिवस लागायचे, तो ती एआयकडून तासाभरात करून घ्यायची आणि वर चहा पिऊन मोकळी. “ही आमची मालगाडी आणि हे आमचं विमान,” सर पक्षकारांना ओळख करून द्यायचे. मालगाडी म्हणजे मी. मीही हसायचे, पण आतून नुसता जळफळाट व्हायचा. खोटं कशाला बोलू? तिची इस्त्रीची कॉलर बघूनसुद्धा माझं डोकं फिरायचं. त्यात ती दिवसभर ताई ताई करायची.

गेल्या आठवड्यात सर सहज म्हणाले, “मोठ्या युक्तिवादाला यापुढे विमानाला शेजारी बसवून बघू.” सरांच्या शेजारची ती खुर्ची माझी होती.

तेव्हा एका नर्सचं प्रकरण चालू होतं. हॉस्पिटलने तिला तडकाफडकी कामावरून काढलं होतं आणि शुक्रवारपर्यंत क्वार्टर सोडायला सांगितलं होतं. स्थगिती मिळाली असती तर ती आणि तिची म्हातारी आई तिथंच राहू शकल्या असत्या. मसुदा विमानाचा, त्यात सात निवाडे. बुधवारी दुपारी मी यादी घेऊन बसले. सहा सापडले, सातवा काही केल्या सापडेना. त्या पानावर भलतंच, सामाईक भिंतीचं भांडण होतं. कॉम्प्युटरवरही शोधलं. असा निवाडा कुणी दिलेलाच नव्हता. एआयने तो तारखेसकट रचला होता आणि बाईसाहेबांनी जसाच्या तसा उचलला होता.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! पण टिक केली नाही, तर सर तो गाळतील आणि हिच्या केसालाही धक्का लागणार नाही. म्हणून मी टिक केली. मसुदा तिचा, तेव्हा निस्तरेल तीच, असं मी धरून चालले.

गुरुवारी कोर्टात सर नेमके सातव्यावरच रंगले. जजसाहेबांनी चष्मा काढला. “वकीलसाहेब, हा निवाडा आम्हाला कुठेच सापडत नाही.”

“असणारच, साहेब,” सर शांतपणे म्हणाले आणि यादी पुढे केली. “ही टिक बघा. आमच्याकडे डोळ्यांनी बघितल्याशिवाय टिक होत नाही. अकरा वर्षांत एकदाही चूक नाही.”

उठून सांगायला हवं होतं. मी बसून राहिले.

उठली ती. “साहेब, चूक माझी आहे. मी तो एआयवरून घेतला, मूळ पुस्तक उघडलं नाही. सरांना हे माहीत नव्हतं.” माझ्या टिकबद्दल तिने अवाक्षर काढलं नाही.

जजसाहेबांनी तिला चांगलंच फैलावर घेतलं, लेखी माफीनामा द्यायला सांगितलं आणि सुनावणी सोमवारवर ढकलली. स्थगिती नाहीच. बाहेर नर्सने माझाच हात धरला. “ताई, शुक्रवार तर उद्याच ना?”

मी हो म्हटलं.

चेंबरमध्ये आल्यावर सरांनी विचारलं, “टिक कशी झाली?”

“नजरचुकीने.”

“तुझी नजरचूक होत नाही,” सर म्हणाले. त्यांनी माझ्या टेबलावरची पेन्सिल उचलली आणि तिच्या टेबलावर ठेवत तिला म्हणाले, “आजपासून टिक तू करायचीस. तुझी चूक झाली तर तू सांगतेस.”

तिने पेन्सिल हातात घेतली आणि माझ्याकडे बघितलं. “ताई, पुस्तकात कसं शोधायचं ते शिकवाल?”

तेव्हाही मला तिचा हेवाच वाटला. पण खुर्चीसाठी नाही. कोर्टात माझ्याआधी ती उठली, त्यासाठी.