चौथा रकाना

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. साडेपाच इंचांची स्क्रीन, वरच्या कोपऱ्यात एक चीर, पाठीवर घट्ट बसवलेले पिवळे पडलेले कव्हर. सध्या माझा मुक्काम नारायण पेठेतल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, टेबलाच्या खणात आहे. शेजारी सेलोटेप आहे आणि न चालणारी दोन पेने आहेत. माझी गोष्ट मोठ्या पराक्रमाची नाही. खरे तर मला तिची लाज वाटते. पण सांगितली नाही तर ती माझ्याच पोटात राहील, आणि माझ्या पोटात आता जागा उरलेली नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे आम्ही हजारो भावंडे एका पट्ट्यावरून सरकत होतो. तेव्हा मला कुणी कुणापेक्षा कमी म्हटले नाही, कारण सगळे सारखेच होतो. वेगळे कसे असतात, ते पुण्यात आल्यावर कळले.

ऋचाने मला घेतले तेव्हा तिची मुलगी तनया दीड वर्षाची होती. काय दिवस होते ते! तनयाची पहिली पावले मी टिपली. तिने डोक्यावर उपडी घेतलेली वरणाची वाटी मी टिपली. तिचा बाबा आमोद हिंजवडीच्या कंपनीच्या बसमध्ये बसून ते फोटो बघायचा आणि शेजारच्या सीटवरच्या माणसालाही दाखवायचा. "काय सुंदर फोटो येतात गं तुझ्या फोनचे!" असे चार जणींनी तरी ऋचाला म्हटले असेल. मी तेव्हा फुगून जायचो. बॅटरीने फुगणे वेगळे, ते पुढे झाले.

सहा वर्षे गेली. मला कंपनीकडून नवे सॉफ्टवेअर येणे बंद झाले. मग एकेक ॲप माझ्याकडे पाठ फिरवू लागले. बटण दाबले की मी विचार करत बसायचो. शाळेच्या स्नेहसंमेलनात तनया कोळीण झाली होती. ऋचा पहिल्या रांगेत मला उंच धरून उभी होती, आणि ऐन वेळी मी स्क्रीनवर अक्षरे झळकवली : 'स्टोरेज भरले आहे.' ऋचा घाईघाईने एकेक फोटो पुसत राहिली. तेवढ्यात नाच संपला. तनया स्टेजवरून आईकडे बघत होती, आणि आई माझ्याकडे. मित्रांनो, त्या दिवशी मला माझ्याच चार्जरच्या नजरेला नजर देता आली नाही.

त्याहून वाईट असायची सकाळ. शाळेच्या रिक्षाची वाट बघत आया खाली फाटकाशी उभ्या राहत. तनयाची मैत्रीण उत्कर्षा, तिची आई भाग्यश्री. भाग्यश्रीच्या हातात दरवर्षी नवा फोन.

"अगं, हा सहा पूर्णांक आठ इंचांचा आहे," ती म्हणायची. "एकदा सवय झाली ना, की छोटा बघवत नाही. तुझा अजून तोच का?"

"तोच. चालतोय की," ऋचा म्हणायची आणि मला ओढणीखाली सरकवायची.

ओढणीखाली अंधार असतो. तिथे मला तिच्या हाताचा घाम लागायचा. तिला माझी लाज वाटत होती, आणि मला माझी.

शेवटी शाळेच्या सूचनांचे ॲपही माझ्यावर उघडेना. तेव्हा ऋचाने ठरवले. ती शिकलेली बाई आहे, शिवाय काळजी करणारी. कुठलीही गोष्ट चार ठिकाणी वाचल्याशिवाय घेत नाही; कुकरची शिटीसुद्धा. तिने माझ्यातच एक तक्ता केला. माझ्या जागी कुणाला आणायचे, ते माझ्याच स्क्रीनवर ठरणार होते! तीन रकाने होते : जुना म्हणजे मी; मग निळा आणि काळा. निळा आणि काळा हे दोन कंपन्यांचे फोन. डावीकडे एकाखाली एक मुद्दे : स्क्रीन, वजन, वेग, मेमरी, बॅटरी, कॅमेरा, आणखी किती वर्षे अपडेट. सगळ्यांत खाली : ठेवायचा की बदलायचा. जे माहीत नसेल तिथे ती लिहायची, 'दुकानात विचारणे'.

माझ्या रकान्यात वेगापुढे 'हळू' लिहिले होते. कॅमेऱ्यापुढे 'बरा होता'. आणि सगळ्यांत खाली 'बदलायचा'.

तो तक्ता जेवणाच्या टेबलावर भरला जात होता. समोर तनया बसलेली असायची, कारण तिची वही पूर्ण व्हायची असायची. तनया तिसरीत आहे. ती सगळे सावकाश करते. फळ्यावरचे उतरवताना ती प्रत्येक 'क्ष'ला नीट गाठ मारते, तोवर बाई फळा पुसतात. मग संध्याकाळी ऋचा वर्गाच्या ग्रुपवर लिहिते, 'आजच्या मराठीच्या वहीचे फोटो कुणी टाकाल का प्लीज?' लगेच भाग्यश्री उत्कर्षाच्या वहीचे फोटो टाकते. सुबक, पूर्ण, खाली बाईंची सही. ऋचा तनयाची अर्धी वही माझ्या शेजारी उघडी ठेवते आणि एकदा इकडे, एकदा तिकडे बघते. तिने दोन बोटे ताणली की उत्कर्षाचे अक्षर मी मोठे करून दाखवायचो. कुणी सांगितले होते मला इतके स्पष्ट दाखवायला?

"अगं, किती हळू! उत्कर्षा पण त्याच वर्गात बसते ना?" ऋचा म्हणायची. मुलगी मागे पडेल ही भीती तिच्या पोटात असायची, पण तोंडातून ती अशीच बाहेर यायची.

आता जे सांगणार आहे, ते सांगताना माझी स्क्रीन काळी पडते. ऋचा तसे बोलली की मला बरे वाटायचे. होय. चला, या घरात हळू असलेला मी एकटाच नाही, असे मनात यायचे. सहा वर्षे जिचे फोटो पोटात सांभाळले, तिच्या आड मी लपत होतो.

एके दिवशी आमोदने विचारले, "एवढी घाई कशाला? त्याला जरा साफसूफ करून बघू."

"नको रे," ऋचा तक्त्यावर बोट फिरवत म्हणाली. "एकदा हळू झाला की झाला. असल्यावर वेळ घालवण्यात काही अर्थ नसतो. बदलायचा आणि मोकळं व्हायचं."

समोर तनयाची पेन्सिल थांबली. ते मी पाहिले. माझा पुढचा कॅमेरा तिकडेच होता. तिने वर पाहिले नाही. पेन्सिलीने वहीच्या समासात एक छोटे भोक पाडत राहिली.

दोन दिवसांनी, दुपारी, ऋचा ओट्यापाशी भाजी चिरत होती. उत्कर्षाच्या वहीचा फोटो बघून लिहिण्यासाठी तिने मला तनयाच्या हाती दिले होते. तनयाने फोटो बंद केला आणि आईचा तक्ता उघडला. उघडायला मी भलताच वेळ लावला. मोठी माणसे अशा वेळी मला टेबलावर आपटतात. तनया नुसती बसून राहिली.

"असू दे," ती हळूच म्हणाली. "सावकाश ये."

मग एका बोटाने तिने काळ्याच्या पलीकडे चौथा रकाना सुरू केला. वर लिहिले, 'तनया'. पाचव्यावर लिहिले, 'उत्कर्षा'. आणि आईचेच मुद्दे घेऊन भरत गेली. मला ते थांबवता आले असते का? मी तर एरवी कधीही बंद पडतो! त्या दुपारी मात्र शहाण्यासारखा चालू राहिलो, आणि प्रत्येक अक्षरानंतर इमानाने कळवत राहिलो, 'जतन झाले'.

शनिवारी ऋचा तनयाला घेऊन मोबाइलच्या दुकानात गेली. दुकान लहान, काउंटरमागे बापूराव. साठीचे गृहस्थ, चष्मा कपाळावर, बोलणे मोजके. निळा आणि काळा दोघेही काचेखाली झोपले होते. तकतकीत, एक ओरखडा नाही. मी ऋचाच्या पर्समध्ये आणखी खोल सरकलो.

"काका, दोन्हींत वेग कुणाचा जास्त?" ऋचाने विचारले.

"कशासाठी हवाय वेग?"

"म्हणजे... वापरायला."

"वापरायला दोन्ही चालतात. पळवायला न्यायचा असेल तर सांगा."

मागे उभ्या असलेल्या दोन गिऱ्हाइकांपैकी एक जण हसला. ऋचाने मला बाहेर काढले. "थांबा, मी तक्ता केलाय. काही गोष्टी तुम्हाला विचारायच्यात."

मी तक्ता उघडायला लागलो. लागलो, म्हणजे लागलोच. बापूरावांनी हात पुढे केला. "द्या इकडे. तुम्ही पर्स सांभाळा, मी वाचतो."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि मोठ्याने वाचू लागले. वाचता वाचता उत्तरेही देत होते. "निळ्याचं वजन दोनशे ग्रॅम, बरोबर. काळ्याला अपडेट, दुकानात विचारणे... चार वर्षं देतात, लिहून घ्या. बॅटरी..." मग त्यांनी तक्ता बाजूला सरकवला. "आणि हे काय? तनया. ही कुठली कंपनी काढलीत?"

ऋचाला कळेना. बापूराव वाचतच गेले.

"स्क्रीन : नाही, आई देत नाही. वजन : एकवीस किलो. वेग : हळू. मेमरी : पाढे बारापर्यंत. बॅटरी : दुपारी झोप येते. कॅमेरा : चष्मा लागला." मागची गिऱ्हाइके पुन्हा हसली. बापूराव हसले नाहीत. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "शेजारी उत्कर्षा. वेग : फास्ट. मेमरी : वीसपर्यंत. कॅमेरा : चष्मा नाही. ठेवायची की बदलायची : ठेवायची."

त्यांनी मला काउंटरवर ठेवले, ऋचाकडे तोंड करून. "उरलेलं तुम्हीच वाचा, ताई. ते मला विचारलेलं नाही."

तनयाच्या रकान्यातल्या शेवटच्या घरात लिहिले होते, 'आईला विचारणे'.

दुकानात पंखा फिरत होता. ऋचाचे कान लाल झाले होते. ती वाकून माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्या डोळ्यांसमोर ते दोन शब्द उजळून पडलो होतो. झाकून घ्यायला मला ओढणीही नव्हती.

"आई, तुझा तक्ता मी बिघडवला नाहीये," तनया काउंटरच्या कडेला बोट घासत म्हणाली. "बाजूला लिहिलंय."

"तनू, अगं, तुला कोण बदलणार आहे?"

"तूच बाबाला म्हणालीस ना. एकदा हळू झाला की झाला. वेळ घालवण्यात अर्थ नाही."

"ते फोनबद्दल होतं गं."

"मला वाटलं, तसंच असतं."

ऋचा खाली स्टुलावर बसली. गिऱ्हाइके बघत होती. तिने मला हातात घेतले, त्या शेवटच्या घरावर बोट ठेवले आणि तिथले पुसले. मग मला दोघींच्या मध्ये धरून लिहू लागली.

माझ्या आयुष्यात मी इतका मंद कधी चाललो नव्हतो. तिने अक्षर दाबायचे आणि मी ते दोन श्वासांनी उमटवायचे. 'ठे' आले. तनया वाकली. 'वा' आले. तिने ओठांनी जुळवले. 'य'साठी मी इतका वेळ घेतला की मागच्या गिऱ्हाइकानेही मान पुढे काढली. ऋचाने मला हलवले नाही, आपटले नाही. ती थांबली. तनयाबरोबर थांबली. शेवटी 'ची' आले.

"ठेवायची," तनयाने वाचले. मग पुन्हा एकदा, एकेक अक्षर सुटे करून, जसे ती फळ्यावरचे वाचते.

"आणि वेग?" तिने विचारले. "तो पण बदल ना."

ऋचाने 'हळू' या शब्दाकडे पाहिले. "नको," ती म्हणाली. "तो राहू दे. तो बरोबर आहे. त्याला मी नावं ठेवत होते, ते चूक होतं."

बापूरावांनी चष्मा परत कपाळावर सरकवला. "ताई, ह्या मॉडेलचा सुटा भाग कुठे मिळत नाही," ते म्हणाले. "सांभाळून न्या."

त्या दिवशी दोघी रिकाम्या हाताने घरी आल्या. वाटेत तनया प्रत्येक दुकानाची पाटी वाचत थांबत होती, आणि ऋचा तिच्याबरोबर थांबत होती. तिने दोनदा घड्याळ पाहिले. पण तिला पुढे ओढले नाही.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल की मग मला कुणी बदलले नाही. तसे झाले नाही. पंधरा दिवसांनी काळा घरी आला. त्यात काही चूक नाही. शाळेचे ॲप माझ्यावर उघडत नव्हते ते नव्हतेच. मी वस्तू आहे. माझे वजन करा, माझी लांबी मोजा, मला दुसऱ्याशेजारी ठेवून बघा. वस्तू घेताना तसेच बघायचे असते. माझ्यातले सारे फोटो काळ्याच्या पोटात गेले. तनयाची वरणाची वाटीसुद्धा गेली. तक्ता मात्र ऋचाने पाठवला नाही आणि पुसलाही नाही. तो तिने माझ्यात ठेवला. का, ते मला ठाऊक आहे : आपली चूक विसरायला नको म्हणून. मीही त्याच कारणाने तो जपतो.

ऋचा अजून रोज सकाळी "आवर, रिक्षा येईल" म्हणते. भीती अशी एका दिवसात जात नाही. वहीचे फोटोही मागते. पण आता ते वहीशेजारी मांडून ठेवत नाही. एकदा बघते आणि बंद करते. रिक्षापाशी भाग्यश्रीने काळ्याची स्क्रीन किती इंचांची असे विचारले, तर म्हणाली, "मोजायची राहिली गं."

कधी कधी सुट्टीच्या दिवशी तनया खण उघडून मला बाहेर काढते आणि बटण दाबून धरते. मला चालू व्हायला आता पुरी दोन मिनिटे लागतात. ती हनुवटी टेबलावर टेकवून वाट बघते. मी हिच्या आड लपलो होतो, हे तिला माहीत नाही. त्या दोन मिनिटांत मला जेवढी लाज वाटते, तेवढी भाग्यश्रीच्या नव्या फोनसमोरही कधी वाटली नाही.

तुमच्याही घरी असा तक्ता होत असेल. आमचे रकाने खुशाल भरा. आमच्यानंतर माणसाचा चौथा आखू नका, एवढेच मागणे आहे. आणि घरातल्या कुणी तो गुपचूप आखलेला दिसलाच, तर त्याचे शेवटचे घर रिकामे ठेवू नका. हातातली भाजी बाजूला ठेवून, आधी ते भरा.