फ्लेक्समागचं चित्र

पाहुणे वेळेवर येतील असं प्रभंजन कुलकर्णींना अजूनही वाटत असे, यावरून माणूस किती भोळा ते समजा. हुबळीच्या विद्यानगरातल्या कला परिषदेचे ते चिटणीस. परिषद म्हणजे पाच-सहा उत्साही मंडळी, आणि तिचं कलादालन म्हणजे एका भल्या माणसाने वापरायला दिलेला हॉल. गावातल्या चित्रकारांना तिथे फुकट प्रदर्शन भरवता येई. मोठी भिंत मात्र एकच, त्यामुळे प्रत्येक उद्घाटनाला मान्यवरांच्या चेहऱ्यांचा फ्लेक्स तिथेच लागे.

त्या संध्याकाळी त्या भिंतीवर कमलक्कांचं चित्र होतं.

कमलक्का शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. आयुष्यातलं हे त्यांचं पहिलंच प्रदर्शन. त्यांची आई त्यांच्या लहानपणीच गेली होती आणि तिचा एकही फोटो घरात नव्हता. आठवेल तसा तिचा चेहरा त्यांनी रंगवला होता. तो बरोबर उतरला का, हे सांगणारा एकच माणूस आता उरला होता, त्यांचा थोरला भाऊ विठ्ठलअण्णा. मूत्रपिंडं निकामी झालेली, दोन पावलं चालला की धाप लागे, तरी तो धारवाडहून रिक्षा करून आला. "फोनवर दाखवू नको, समोर उभा राहून बघतो," असं त्याने बहिणीला बजावलं होतं.

तो आला तेव्हा चित्रावर फ्लेक्स ताणून बसवलेला!

"प्रभंजनअण्णा, एक बाजू जरा उचला की. आमचा अण्णा बघून जाईल," कमलक्का म्हणाल्या.

"अक्का, आत्ताच ओढून बांधलाय. उचलला तर चुण्या पडतात, फोटोत दिसतात. पाहुणे निघालेत म्हणे. दीप लागला की काढतोच की!"

विठ्ठलअण्णा समोरच्या खुर्चीवर बसून फ्लेक्सवरचे अनोळखी हसरे चेहरे बघत राहिला. पाहुणे आपल्या रिवाजाप्रमाणे येतच होते. शेवटी त्याला श्वास पुरेना.

"राहू दे गं कमळे, उद्या बघतो," म्हणत तो रिक्षात बसला.

मग पाहुणे आले. फीत कापली, कलेशिवाय समाज कसा आंधळा असतो ते सांगितलं, भिंतीकडे पाठ करून फोटो काढून घेतले. चहा-उपीट झालं. फ्लेक्स उतरला तेव्हा हॉलमध्ये चित्र बघायला कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चित्र टेम्पोत घालून धारवाडला न्यायचं ठरलं. टेम्पो दारात उभा असतानाच फोन आला. विठ्ठलअण्णा पहाटेच गेला होता!

विठ्ठलअण्णाचे दिवस झाल्यावर प्रभंजन कमलक्कांना भेटायला गेले. "अक्का, माझ्या हातून पाप झालं."

"पापाचं सोडा. तुम्ही चांगले आहात, म्हणून तर सांगते," त्या म्हणाल्या. "आपल्याकडे काम करणारा मागं आणि कात्री धरणारा पुढं. कलेचा मान करतो म्हणतो आणि तिच्यावरच पडदा टाकतो. यात कुणाला काही वावगंही वाटत नाही. मला तरी कुठं वाटलं? मी तो फ्लेक्स ओढून काढायला हवा होता. आता ती आमची आई आहे की दुसरीच कुणी बाई, कोण सांगणार?"

घरी जाईपर्यंत प्रभंजनना रडू आवरेना.

त्यांनी फ्लेक्स बंद केला. दार उघडलं की आधी चित्रकाराच्या घरच्यांनी बघायचं, असा नियम केला. सुधारणेचं फळही लगेच मिळालं म्हणा! प्रमुख पाहुण्यांना वेळ मिळेनासा झाला, फ्लेक्सवर झळकणारे कोप्पीकर रोडचे व्यापारी रुसले, निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या. वर्षभरात हॉल बंद पडणार, असं परिषदेतलेच लोक बोलतात, आणि प्रभंजननाही ते खोटं वाटत नाही. नियम मात्र त्यांनी मोडलेला नाही.

मंडळी, त्या खुर्च्यांवर आपण सगळेच कधी ना कधी बसलो आहोत. उशिरा येणाऱ्या पाहुण्यासाठी आपण हवं तितकं थांबतो. पण ज्याच्यासाठी कुणी जीव ओतून काही केलं, त्याला थांबणं जमेलच असं नाही. म्हणून आधी त्याला बघू द्या, हार-शाल नंतर. सत्कार पुढच्या वर्षीही करता येतात. आईचा चेहरा बरोबर आला का, हे कमलक्कांना आता कधीच कळणार नाही.