पालथी पाटी

पौषातले तिरपे ऊन परतूरच्या जुन्या कबरस्तानात उतरले, की आजही मला आधी दिसते ती रहीमचाचांची राखेने भरलेली मूठ. जात्यांना टाकी लावणारे, कबरींचे दगड घडवणारे हे वृद्ध पाथरवट. झिजलेल्या दगडावर ते राख हळुवार चोळत आणि तळ्यातून मासोळ्या वर याव्यात तशी अक्षरे वर येत. त्यांना ती कोरता येत, वाचता येत नसत. मी निजामाच्या अमदानीत उर्दू शिकलेला मास्तर. हात त्यांचे, डोळे माझे.

"मास्तर, जल्दी! ऊन चढून राह्यलं. मंग अक्षर दिसायचं न्हाई!" असे ओरडत ते पुढे धावत आणि मी धोतर सावरत मागे. पुरुषाच्या कबरीवर कलमदानासारखा, म्हणजे लेखण्यांच्या लांबट पेटीसारखा उंचवटा, बाईच्या कबरीवर सपाट पाटी, हे त्यांनीच शिकवले. कुणी अत्तरवाला, कुणी बाळंतपणात गेलेली सून. प्रत्येक नाव मी मोठ्याने वाचून दाखवी.

फक्त एका उघड्या मातीपाशी ते थबकत. "हितं दादीची पाटी व्हती. आज्याच्या हातची. काय लिव्हलंय ते कोनी वाचूनच दाखवलं न्हाई. गडबडीच्या साली कोनी तरी उचलून नेली."

मी पुढच्या कबरीकडे वळे. त्याच साली, पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत, कुंपणाशी पालथा पडलेला एक गुळगुळीत दगड मी बैलगाडीत घालून घरी आणला होता. माझी पत्नी त्यावर रोज कपडे आपटत असे.

दोन हिवाळे मी असेच टाळत काढले. तिसऱ्यात पहार घालून दगड उलथला. खाली अक्षरे होती, काल कोरल्यासारखी. तसाच तो गाडीत घालून कबरस्तानात नेला.

"चाचा, चोर मीच."

त्यांची बोटे अक्षरांवरून फिरली. "वाचा आधी."

"हलीमा. हा दगड तिच्या नवऱ्याने स्वतः घडवला."

"परत वाचा."

तिसऱ्यांदा वाचल्यावर ते डोळे पुसत हसले. "बराबर चोर भेटला! धुणं धुतलं, पन दादीची अक्षरं पावसात झिजू दिली न्हाई."

आता पाटी पुन्हा दादीच्या मातीवर आहे आणि चाचा तिच्याच शेजारी. त्यांच्यावर नुसती माती. पाटी घडवणारा हात गावात उरलेला नाही. तरी पौषात मी मूठभर राख घेऊन जातो, आणि वाचायला काहीच नसलेल्या त्या जागी, ऊन तिरपे आहे तोवर, त्यांचे नाव तीनदा मोठ्याने वाचतो.