भीमाचा खांदा

देवमनने फेकलेली हातोडी मैनाबाईच्या डोक्यावरून गेली आणि मातीच्या भिंतीत रुतून बसली. मैनाबाईला ती लागली नाही. हातोडी नवऱ्याच्या हातून सुटायच्या आधीच ती वाकली होती.

“भीम पोया लाटून राहिला म्हनते! कोन म्हनते? तो डोमाजी सायकलवाला! ज्याले धड पंक्चर काढता येत नाई तो!”

डोमाजी खोटं बोलला नव्हता, पंचाईत तीच होती. समोर कागदाच्या लगद्याचा पुरुषभर भीम कीचकाच्या छातीवर गुडघा रोवून बसला होता. मोटार सुरू केली की त्याची मूठ वर जाई, खाली येई. द्रौपदीवर हात टाकणाऱ्याला ठार करायला आलेला हा भीम, पण कीचक त्याच्याखाली निवांत झोपल्यासारखा दिसे.

रंगाच्या कामात अकोल्यात देवमनचा हात धरणारा कुणी नव्हता. सिनेमाच्या पाट्या त्याने रंगवाव्यात आणि लोकांनी तिकिटाआधी त्याच पाहत उभं राहावं. पण एकसष्ट साली गणपतीच्या मंडळाला हलता देखावा हवा झाला. काम हातचं जाऊ नये म्हणून देवमनने हो म्हटलं आणि मग आधी शिकावं काय, याचा घोळ सुरू झाला. डोमाजी म्हणाला, चेन आणि चाकं शीक. मंडळाचे अध्यक्ष मोरोपंत वकील म्हणाले, शरीराची मापं शीक. देवमनने दोघांनाही मूर्खात काढलं आणि अमरावतीला जाऊन मोटारीचं काम शिकून आला. मोटार झकास चाले. तेवढा ठोसा बसत नव्हता.

कीचकाला न बसलेला ठोसा रोज मैनाबाईला बसे. वड्याचं तेल वांग्यावर, दुसरं काय! देखावा फसला, चार लोक हसले, तर आपलं काही खरं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्या भीतीनेच तिने तोंड उघडलं.

“मी सांगू का?”

“तू? तुले काय समजते यातलं?”

“मूठ अशी सरळ वर नाई जात.” मैनाबाई भिंतीला पाठ लावूनच बोलत होती. “आदी खांदा मांगं जाते. मंग कोपर. मंग मूठ वरतं जराशी थांबते. तवाच समजते, का आता येते. मंग येते.”

देवमन तिच्याकडे पाहत राहिला. तुला हे कुणी शिकवलं, असं त्याने विचारलं नाही. विचारायची सोयच नव्हती. त्याने भिंतीतली हातोडी उपटली, मूठ वर-खाली करणारं चाक खाली उतरवलं आणि त्याची एक बाजू तासायला घेतली.

चतुर्थीच्या संध्याकाळी मांडवात मुंगीला शिरायला जागा नव्हती. देवमन पडद्यामागे बटणापाशी होता, मैनाबाई पडद्याच्या कडेला. मोटार घुरघुरली. भीमाचा खांदा मागे गेला. कोपर गेलं. मूठ वर थांबली आणि धाडकन आदळली. कीचकाची मान लटकली, तोंडातून लाल रंग ओघळला.

“हान! आनखी एक हान!” पुरुषांनी मांडव डोक्यावर घेतला.

मैनाबाई बायकांकडे पाहत होती. मूठ आदळली तेव्हा बहुतेकजणी दचकल्या. काहीजणी मात्र आधीच आकसल्या होत्या. नुसता खांदा मागे गेला आणि त्यांची मान खाली गेली, कोपर तोंडापुढे आलं. त्यांत पुढच्या रांगेत भारी लुगडं नेसून बसलेल्या मोरोपंत वकिलांच्या पत्नी चारुशीलाबाई होत्या. गालाशी नेलेला हात त्यांनी हळूच खाली घेतला, तेव्हा त्यांना मैनाबाई दिसली. दोघींनीही नजर वळवली नाही.

आरती झाल्यावर प्रसादाचं ताट घेऊन चारुशीलाबाई पडद्यामागे आल्या. देवमन आनंदाने फुगला होता.

“पुढच्या साली याहून भारी करतो!” तो मैनाबाईला म्हणाला. “सांग, आता काय शिकू?”

“आता उगारलेला हात थांबवाचं शिका.”

देवमनच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण त्याचा खांदा मागे गेला.

मैनाबाई वाकली नाही. चारुशीलाबाईंनी ताट खाली ठेवलं आणि त्या तिच्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या.