सुकाणू नावाची भाषा

मुरबे या किनाऱ्यावरच्या गावातला दर्पण बोईसरच्या एका कारखान्यात संगणकावर काम करायचा आणि सुटीच्या दिवशी स्वतःची प्रोग्रामिंगची भाषा घडवायचा. तिचं नाव त्यानं सुकाणू ठेवलं होतं. आज्ञा सगळ्या मराठीत. पण त्याला खरा अभिमान वेगळ्याच गोष्टीचा होता. त्याची भाषा कधी अडत नसे. इतर भाषांत एखादी माहिती आली नाही, की प्रोग्राम चूक दाखवून थांबतो. सुकाणू मात्र रिकाम्या जागी शून्य धरून पुढे चालत राही.

पालघरच्या कॉलेजातला त्याचा मित्र केतन हे बघून चहा पिता पिता म्हणाला, "माहीत नसणं वेगळं आणि शून्य असणं वेगळं. हे दोन एकत्र करू नकोस."

"जग इतकी वर्षं ते वेगळं ठेवत आलंय, म्हणून तर सगळ्यांचे प्रोग्राम बंद पडतात," दर्पण हसला. "तू पुस्तकातलं बोलतोस. मी नवीन करतोय."

"नवीन नाही रे. लोकांनी हे करून बघून सोडलंय."

"त्यांना जमलं नसेल."

केतननं पुन्हा तो विषय काढला नाही.

सुकाणूत दर्पणनं गावातल्या होड्यांसाठी एक ॲप लिहिलं. होडीवरचा फोन आपली जागा कळवायचा आणि होडी किनाऱ्यापासून किती लांब आहे ते घरच्यांना दिसायचं. अंतर शून्य झालं, की 'किनाऱ्यावर' अशी हिरवी अक्षरं यायची. सगळ्यांत आधी ते घेतलं त्याच्या बहिणीच्या नवऱ्यानं, विनोदनं. बंदरावर जो भेटेल त्याला तो फोन दाखवायचा. "आमच्या दर्पणनं बनवलंय. बायकोला आता घोर नाय."

दिवाळीनंतरच्या एका पहाटे विनोद आणि त्याचा खलाशी मंगळ्या समुद्रात गेले. उजाडता उजाडता वारा उलटला, होडी कलंडली आणि फोन पाण्यात गेला. त्यानंतर होडीची जागा कळेना. अंतराचा रकाना रिकामा राहिला. सुकाणूनं तिथं शून्य धरलं.

प्रियंकानं, विनोदच्या बायकोनं, सकाळी फोन पाहिला. 'किनाऱ्यावर.' तिला वाटलं, मासळी घेऊन परस्पर सातपाटीच्या बंदरात गेले असतील. तिनं भात टाकला, सुरमईचं कालवण केलं, पोरीची वेणी घालून तिला शाळेत धाडलं. दुपारी शेजारीण म्हणाली, "विनोदची होडी नाय दिसली गं बंदरात." प्रियंकानं तिलाही फोन दाखवला. "आलेत ते. हे बघ ना."

संध्याकाळी सातपाटीच्या एका होडीला मंगळ्या सापडला, रिकाम्या पिंपाला मिठी मारून तरंगत. बोलता येऊ लागल्यावर तो म्हणाला, "मालक दुपारपातुर माझ्याबरोबर व्हते. सारखं सांगत व्हते, आता येतील, गावात कळलं असंल."

विनोद दुसऱ्या दिवशी मिळाला.

गावानं दर्पणला काही म्हटलं नाही. दर्यानं नेलं, असंच सगळे बोलत होते. ॲप का चुकलं, हे त्याच्याशिवाय कुणाला कळणारही नव्हतं. दिवसकार्य उरकल्यावर तो बहिणीकडे गेला. ती अंगणात बोंबील वाळत घालत होती.

"ताई, फोन बिघडला नव्हता. मी तसंच लिहिलं होतं."

तिला नीट कळेना. त्यानं सोप्या शब्दांत सांगितलं, की होडी कुठं आहे हे कळलं नाही, की ती आली असंच त्याची भाषा धरत होती. प्रियंकाचे हात थांबले.

"असं करू नको, म्हणून कुणी सांगितलं नाय तुला?"

"केतननं सांगितलं होतं."

"मंग?"

"मला वाटलं, त्याला कळत नाही."

ती रडली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"सकाळपासून मी घरात व्हते, दर्पण," ती म्हणाली. "आरडाओरडा केला असता तर अख्खं गाव होड्या घेऊन निघालं असतं. मी कालवण करत बसले."

तेवढ्यात पोर शाळेतून आली, दप्तर ओट्यावर टाकून 'मामा' म्हणत त्याच्याकडे धावली. प्रियंकानं तिला दंडाला धरून जवळ ओढलं.

"घरात जा," ती पोरीला म्हणाली. मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, "तू पण जा आता."